एकशे चौदा नंबरचा बिल्ला

गाव बघायला पाहुणे आले की दिवेकाका सगळ्यांच्या पुढे. खाण बंद पडून एकतीस वर्षं झाली, पण त्यांचा रुबाब असा, की आत्ता भोंगा वाजेल आणि हे किल्ल्या खुळखुळवत कामावर हजर होतील. आधी ते लोखंडी मनोरा दाखवायचे. त्याच्या माथ्यावरच्या चाकावरून माणसांचा पाळणा खाली-वर जायचा. मग खाणीतून उपसलेल्या दगडमातीचा ढिगारा. त्यावर आता इतकं गवत माजलंय की नवखा माणूस टेकडी समजून फोटो काढतो. मग कामगारांचं न्हाणीघर. तिथे हल्ली शाळेची मुलं कवायत करतात.

"चारशे माणसं इथे काळी यायची आणि उजळून जायची," काका सांगायचे. "मी सोडून. माझा रंग मूळचा!"

तिथून शेवटच्या ठिकाणी, दिवेघरात जायची वाट अगदी सरळ. मधे फक्त एक मोठं काँक्रीटचं झाकण, खाणीच्या तोंडावर कायमचं घातलेलं. पाहुणे त्यावरून चालत जायचे. काका मात्र वळसा घालून यायचे आणि कोणी विचारलंच तर "गुडघा" म्हणायचे. दुखऱ्या गुडघ्याला लांबची वाट कशी मानवते, हे कोणी विचारलं नाही, नशीब त्यांचं.

दिवेघरात त्यांनी सव्वीस वर्षं काढली. पद्धत साधी होती. खाली जाणारा माणूस खिडकीत आपला पितळी बिल्ला द्यायचा, काका त्याच नंबरचा दिवा त्याच्या हाती ठेवायचे आणि बिल्ला फळ्यावरच्या खिळ्याला टांगायचे. वर आला की दिवा आत, बिल्ला परत. बिल्ला लटकतोय, म्हणजे माणूस जमिनीखाली. तो परत देताना काका खणखणीत आवाजात नंबर पुकारून "वर!" म्हणायचे. फळा रिकामा झाल्याशिवाय हा गृहस्थ जागचा हलत नसे. घरी काकू दारातच विचारायच्या, "फळा रिकामा?" हे "रिकामा" म्हणाले की मगच ताटं मांडली जायची.

शेवटच्या पाळीला सगळा गोंधळ उडाला. कोणी रडत होतं, कोणी फोटो काढून घेत होतं, खिडकीपाशी ही झुंबड. सगळे पांगले तेव्हा फळ्यावर एक बिल्ला उरला होता. एकशे चौदा. तो लंबूचा. तीन आठवड्यांपूर्वी ठेकेदाराबरोबर आलेला, प्रत्येक चौकटीला कपाळ आपटणारा माणूस. ठेकेदाराची माणसं ट्रकमध्ये बसून निघूनही गेली होती. त्यात लंबू होता की नव्हता, कोणालाच आठवेना. पत्ताही कोणापाशी नव्हता.

काकांनी मॅनेजरसाहेबांचं डोकं खाल्लं. शेवटी दोन माणसं खाली जाऊन, तासभर हाका मारून परत आली. "दिवा घेऊन पळाला असेल हो," साहेब म्हणाले. आठव्या दिवशी झाकण पडलं. काका तिथेच उभे होते. आपण आणखी आरडाओरडा करायला हवा होता, वाटेत आडवं पडायला हवं होतं, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. बिल्ला त्यांनी काढला नाही. दिवा आल्याशिवाय बिल्ला निघत नाही, हा नियम त्यांचाच. आणि काकूंनी त्या दिवसापासून दारात तो प्रश्न विचारला नाही.

परवा दुपारी दिवेघराच्या दारात एक वाकलेला म्हातारा येऊन उभा राहिला. बरोबर मुलगी, बगलेत पिशवी. आत येताना चौकट डोक्याच्या कितीतरी वर असूनही त्याने सवयीने मान खाली घातली, आणि काकांच्या हातातल्या किल्ल्या खाली पडल्या.

"पेपरात इथला फोटो आला होता," मुलगी सांगू लागली. "फळ्यावर एकच बिल्ला. बाबांनी नंबर वाचला आणि जेवता जेवता हात थांबला त्यांचा. सकाळीच निघालो."

म्हाताऱ्याने पिशवीतून दिवा काढला. काच फुटलेली, पण घासूनपुसून लख्ख. "आठवण म्हणून उचलला हो. बिल्ला इथे लटकत राहील, हे डोक्यातच आलं नाही."

"डोकं होतं कुठे तुला! ते चौकटींवर आपटून संपलं होतं!" काका कडाडले. "एकतीस वर्षं, लंबू! एकतीस वर्षं मी तुला खाली ठेवून जेवतोय रे, मेल्या!" आणि बोलता बोलता त्यांनी त्याला घट्ट मिठी मारली. दोघंही रडत होते. मुलगी फळ्याकडे बघत उभी राहिली.

मग काकांनी डोळे पुसले, खिडकीच्या आत गेले, दिवा रीतसर ताब्यात घेतला. फुटक्या काचेबद्दल दोन शब्द सुनावले. मग खिळ्यावरून बिल्ला काढून लंबूच्या हातात ठेवला. आवाज जुनाच निघाला.

"एकशे चौदा, वर!"

पाहुण्यांना घेऊन ते घराकडे निघाले, झाकणावरून, सरळ. लंबू म्हणाला, "जरा दमानं, काका." काका काही थांबले नाहीत.

काकू दारात आल्या. त्यांनी आधी नवऱ्याचे लाल डोळे पाहिले, मग मागून मान खाली घालून येणारा तो म्हातारा, मग त्याच्या मुठीतलं पितळ. चौकटीला हात टेकून त्यांनी हळूच विचारलं,

"फळा रिकामा?"