गौरीच्या ताटातली चिंबोरी

मी फारशी भाविक बाई नाही. सकाळी देवापुढे दिवा लावते, हात जोडते आणि डबे भरायला जाते. न्हावा शेवा बंदरातून निघणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं करणाऱ्या एका ऑफिसात मी बरीच वर्षं काम करते आहे. तिथे नवस बोलून काही सुटत नाही, पाठपुरावा करावा लागतो. तेव्हा जे घडलं ते चमत्कार म्हणून मी सांगत नाही, घडलं तसं सांगते. आणि हेही आधीच सांगून टाकते, की ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी सकाळी मी देवीशी भांडले होते.

भांडणाचं मूळ शाळेत होतं. माझी मुलगी चौथीत आहे. गणपतीच्या सुट्टीआधी तिच्या बाईंनी ‘आमच्या घरचा सण’ या विषयावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या. हिने लिहिलं, की आमच्याकडे तेरड्याची गौर येते आणि माझी आजी तिला चिंबोरीचा नैवेद्य दाखवायची. चिंबोरी म्हणजे खेकडा. वर्गात वाचून दाखवल्यावर मुलं हसली. मुलं हसायचीच, त्याचं मला काही नाही. पण बाईंनी त्या ओळीवर लाल रेघ मारली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की देवाला असलं काही कुणी दाखवत नाही, उगाच रचून लिहू नये. वर स्वतःच्या वळणदार अक्षरात तिथे ‘पुरणपोळी’ असं लिहून दिलं.

रचलेलं त्यात काहीही नव्हतं. माझं सासर पनवेल-उरण पट्ट्यातलं, मिठागरात राबलेलं घर. आमच्याकडे गौर म्हणजे माहेरी आलेली लेक, आणि खाडीकाठच्या लेकीला माहेरी आल्यावर काय खावंसं वाटेल तेच तिच्या ताटात पडतं. आली त्या दिवशी भाजी-भाकरी, पूजेच्या दिवशी तिखट, म्हणजे सामिष. शेजारी बसलेला गणपती शाकाहारी, म्हणून ताट वाढायच्या आधी त्याच्यापुढे पडदा धरतात. माझं माहेर साताऱ्याकडचं, तिथे गौरीला पुरणपोळी. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला तो पडदा बघून मला हसू आलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “पोर शाकारी हाय, आय नाय. पोराचं पोरापाशी, आयचं आयपाशी. त्यात हसायचं काय?”

मुलीला जन्म मी दिला, पण वाढवली सासूबाईंनीच. तिसऱ्या महिन्यापासून ती त्यांच्याकडे गावच्या घरी असायची. मी सकाळी सोडायचे आणि संध्याकाळी न्यायचे. बोंबलाचा काटा कसा काढायचा, उंबऱ्यावर का बसायचं नाही, भूक लागली तर रडायच्या आधी कसं सांगायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी त्या गेल्या. त्या वर्षी सण केला नाही. मग गावचं घर पाडून तिथे इमारत उठवायचं ठरलं, आणि यंदा गौर पहिल्यांदाच आमच्या नवीन पनवेलच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यायची होती.

तर मुलगी शाळेतून रडत आली, झालं ते सांगितलं, आणि मी काय म्हणाले ते लिहिताना आज लाज वाटते. मी म्हणाले, “तू तरी कशाला सांगायला गेलीस?” दमले होते, घाईत होते, ही कारणं खरी आहेत आणि कुचकामी आहेत. त्यानंतर तिने विषय काढला नाही. दोन दिवसांनी तिच्या अभ्यासाच्या टेबलावरचा आजीचा फोटो दिसला नाही म्हणून विचारलं, तर म्हणाली कपाटात ठेवलाय. आणि मी पोळ्या लाटत असताना मागे येऊन हळूच विचारलं, “आई, आजी गावंढळ होती ना?”

जिने हिला अंगाखांद्यावर वाढवलं तिची हिला लाज वाटायला लागली होती, आणि त्यासाठी एक लाल रेघ आणि माझं एक वाक्य पुरलं होतं. माझा संताप झाला. बाईंवर झाला, स्वतःवर झाला. पण संताप करून पोर परत कशी वळवायची ते मला कळेना. माझ्या ऑफिसात चूक कागदावर असते, ती दुरुस्त करता येते.

त्यात आमच्या सोसायटीचे अध्यक्ष घरी आले. सभ्य गृहस्थ, चपला बाहेर काढून आले. उत्सवाच्या दिवसांत इमारतीचं पावित्र्य राहावं म्हणून कुणी घरात सामिष करू नये, अशी कमिटीची विनंती होती. आमच्याकडे गौर बसणार हे त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. “वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात,” ते म्हणाले, “तुम्हाला वेगळं सांगायला नको.” हे वाक्य ज्याला उद्देशून म्हणतात त्याने मान डोलवायची असते. मी डोलवली. दार लावल्यावर इतकी चिडले की चहाचा कप आपटून त्याचा कान तुटला. आमच्या घरात आमच्या देवीने काय जेवायचं हे यांनी ठरवायचं, आणि मी मान डोलवायची. पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंही वाटलं होतं. चिंबोरीचं कालवण सासूबाईंसारखं मला जमत नाही. पुरणपोळी येते. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तू म्हणशील तसं. त्याची आई, आणि म्हणे तू म्हणशील तसं.

पूजेच्या दिवशी मी रजा घेतली होती. सकाळी पुरण शिजायला टाकलं आणि गौरीपुढे फुलं ठेवायला बसले. तेरड्याच्या रोपांवर बांधलेला मुखवटा, सासूबाईंची हिरवी नऊवारी, त्यांचीच नथ. ती त्यांच्यासारखी दिसत होती असं काही मी म्हणणार नाही. मुखवटा कागदाचा आहे. पण त्या साडीकडे बघून मला राहवेना, आणि मी मनातल्या मनात तिला चांगलंच सुनावलं. सगळे तुझ्या नावाने मला शिकवतात. शाळा शिकवते, शेजार शिकवतो. माझ्या पोरीचं मन मोडलं आणि तू बघत बसलीस. आता माझ्याच्याने होत नाही. तुला जे खायचं असेल ते तूच आण, आणि माझ्या मुलीचं काय करायचं तेही तूच बघ. माझी प्रार्थना अशीच असते, तिला कटकट म्हटलं तरी चालेल. पण त्या दिवशी हात टेकले होते ते मनापासून.

पुरण वाटत होते तेवढ्यात गेटवरून फोन आला. वॉचमन म्हणाला, एक बाई टोपली घेऊन आली आहे, साहेबांचं नाव सांगते आहे, अध्यक्ष तिला जायला सांगताहेत पण ती जात नाही. मी तशीच पिवळ्या हाताने खाली गेले.

गेटपाशी एक सडपातळ बाई उकिडवी बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत, पायांना वाळलेला चिखल. समोर सागाच्या पानांनी झाकलेली टोपली, आणि पानं आतून हलत होती. अध्यक्ष होते, मांडवाचं काम करणारी माणसं होती, आणि दुर्वा काढायला उतरलेल्या तीन मुली होत्या. त्यातली एक माझी आणि एक तिच्याच वर्गातली.

“वहिनी, ही तुमच्याकडे आलेय म्हणते,” अध्यक्ष म्हणाले. “चुकून आली असेल ना?”

‘हो’ म्हणायला मी तोंड उघडलं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. मी त्या बाईला ओळखत नव्हते, आणि ‘हो’ म्हटलं असतं तर कुणाला खोटंही वाटलं नसतं.

ती बाई माझ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या मुलीकडे बघून हसली. “बाय, तूच ना गं ती? चिंबोरीला नाव देऊन इहिरीत सोडनारी?”

मुलीने मान खाली घातली. वर्गातली मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. मग मला उलगडलं. मी दर गौरीला ऑफिसातून दुपारी जायचे, तोवर ताट तयार असायचं. माझी मुलगी मात्र आदल्या दिवसापासून आजीकडे राहायची. सकाळी मागच्या दारी चिंबोऱ्या घेऊन कोण येतं हे तिला माहीत होतं. मला कधी विचारायचीही गरज वाटली नव्हती. माझी मुलगी त्या बाईला ओळखत होती आणि ओळख दाखवत नव्हती. त्या क्षणी मी काही केलं नाही. नुसती उभी राहिले.

मग मुलीने हातातल्या दुर्वा त्या वर्गातल्या मुलीकडे दिल्या आणि अध्यक्षांना म्हणाली, “काका, त्या चुकून नाही आल्या. आमच्याकडेच आल्यात. आमची गौर चिंबोरी खाते. माझी आजी करायची.” आणि टोपलीची एक कड धरून उचलायला लागली.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, आज आमच्याकडे तिखटाचं जेवण आहे, कमिटीला काय लिहायचं ते लिहा. वॉचमनने विचारलं, ह्यांना जिन्याने पाठवू का? मी म्हणाले, लिफ्टने. हे मी जरा जोरात म्हणाले असेन.

वर आल्यावर तिने आधी विचारलं, “आजी कुटं हाय?” आम्ही सांगितलं. ती जमिनीवर बसली आणि मग एकेक सांगायला लागली. ती नेरे गावाच्या पलीकडच्या, डोंगराखालच्या वाडीतली. मागच्या वर्षी तापाने झोपून होती म्हणून आली नव्हती. यंदा गावच्या घरी गेली तर तिथे पत्रे ठोकलेले. शेजारी नव्हते, दारं बंद. सासूबाईंनी कधीतरी बोलता बोलता लेकाची लाल बिल्डिंग सांगितली होती, तेवढ्यावर ती निघाली. नवीन पनवेलमध्ये लाल बिल्डिंगा किती आहेत हे मी मोजलेलं नाही. तिला तीन ठिकाणांहून हाकललं होतं, आमची चौथी. पूर्ण पत्ता, फोन नंबर, शिक्का सगळं असूनही आठवडाभर न पोचणारा माल मी रोज बघते. म्हणून त्या दिवसाबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही.

कालवण मला येत नाही हे तिला पाहताच कळलं. तिने ओट्याशी उभं राहून सांगितलं आणि मी केलं. बारीक पाय वेगळे काढून वाटायचे, त्याचं पाणी गाळून रश्श्यात घालायचं, खोबरं चांगलं काळपट होईपर्यंत भाजायचं. नवऱ्याने न सांगता नारळ खवून दिला आणि खवताना दोनदा डोळे पुसले. वास सगळ्या मजल्यांवर गेला असणार. मी एकही खिडकी लावली नाही. पडदा ठेवलेला नव्हता, म्हणून माझी ऑफिसची ओढणी घेतली. ती गणपतीपुढे मुलीने धरली आणि त्याला म्हणाली, “थोडा वेळ हं, बाप्पा. आई जेवतेय.”

मग तिने पानं घेतली. पाहुण्या बाईंचं पान तिने आपल्याशेजारी मांडलं, आजी असंच मांडायची म्हणाली, आणि वाढता वाढता सहज विचारलं, “मावशी, तुमचं नाव काय?”

“ठमी,” ती म्हणाली. आणि हसली, बहुधा इतक्या वर्षांत कुणी विचारलं नसावं. सासूबाईंनी तरी विचारलं असेल अशी आशा करते. माझ्यापुरतं म्हणाल तर मी तिने आणलेलं वर्षानुवर्षं मिटक्या मारत खाल्लं होतं आणि ते कुठून येतं याची चौकशी केली नव्हती. लाल रेघ मारणाऱ्या बाईंवर चिडायचा हक्क मला पुरेपूर आहे, पण मी त्यांच्याहून फार वेगळी होते असं आता छातीठोकपणे म्हणवत नाही.

सुट्टीनंतर शाळेत जाऊन मी बाईंना भेटणार आहे, शांतपणे आणि न विसरता. राग गेलेला नाही, प्रसाद खाऊन तो जातही नाही. पण त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी गौरीपुढे डोकं टेकवलं तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. गौरीची रीत सांभाळायची, जपायची, लोकांपासून लपवायची म्हणून जी काळजी मी वाहत होते ती माझी कधी नव्हतीच. आपल्या जेवणाची सोय गौर आपली आपण करते. तिच्यासाठी दार उघडणं तेवढं माणसाचं काम, आणि तेही माझ्या हातून होता होता राहिलं. माझ्या मुलीने केलं.