गाडी सुटायलीय म्हणून

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा त्याचा डबा भरून झाला होता. जिंतूरला कोर्टाजवळ माझी खानावळ आहे. आमच्या बोरीतल्या कुणाची तारीख असली की दादा सोबत यायचा आणि माझ्याकडून चार खणांचा डबा घेऊन कोर्टात जायचा. त्या दिवशी तारीख सुनीताची होती. पहाटे छातीत कळ आली आणि दादा गेला... मी डबा तसाच झाकून ठेवला आणि बोरीची गाडी पकडली.

लोकांना वाटायचं, याला कोर्टाची हौस आहे. तसं नव्हतं. तरुणपणी पोळ्याला पैसे लावून तिरट खेळताना पोलिसांनी त्याला धरलं. पत्ते हातात होते, ते मी नाकारत नाही. कोर्टात दुपार टळली, पोटात काही नाही, गावाची गाडी सुटायला आलेली. कुणीतरी म्हणालं, "कबूल कर, दंड भर, मोकळा हो." त्यानं तेच केलं. पुढे सरकारी चालक म्हणून त्याची निवड झाली. कधी शिक्षा झाली आहे का, या प्रश्नापुढे त्यानं 'नाही' लिहिलं. दंड हीसुद्धा शिक्षाच, हे त्याला ठाऊकच नव्हतं. चौकशीत ते निघालं, नोकरी गेली. मग त्यानं जन्मभर दुसऱ्याचा टेम्पो चालवला.

मी एकदा चिडून विचारलं, "तू काय वकील हायस का?"

"वकील आत बोलतो. माणूस बाहेर बसून बसून खचतंय," तो म्हणाला. प्रत्येकाला त्याचं एकच सांगणं असायचं, "केलं असंल तर वकिलाला खरं सांगा, तो बघंल. पण गाडी सुटायलीय म्हणून कबूल नका करू." कोर्टातले लोक 'आले डबेवाले वकील' म्हणून चिडवायचे. तो म्हणायचा, "फी लोणच्यात घेतो."

सुनीता आमच्या गल्लीतली, नर्सिंग झालेली, खासगी दवाखान्यात कामाला. बांधाच्या भांडणात तिच्या चुलत्यानं पोलिसांत तिच्या घरातल्या सगळ्यांची नावं दिली, त्यात हिचंही. ती त्या दिवशी परीक्षेला परभणीत होती. आता तिला सरकारी दवाखान्याच्या भरतीत उतरायचं आहे. दादा गेला म्हणून वकिलानं तारीख पुढची मागून घेतली. ती गेल्या आठवड्यात होती. मी खानावळ बंद ठेवून गेले.

दुपार उलटली तरी पुकारा नाही. सुनीता म्हणाली, "आत्या, कबूल करून टाकते. दंडच तर हाय. सुट्टी संपायलीय माझी, गाडी तरी गावंल."

मला समजावता येत नाही. व्हरांड्यात दादा बसायचा त्याच बाकावर मी डबा सोडला. "आधी जेव. गाडी गेली तर माझ्याकडं ऱ्हा."

ती जेवली. पुकारा झाला तशी हात धुऊन आत गेली. गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं गेलं. उत्तर मला दारातून ऐकू आलं... "नाही."

पुढची तारीख पडली आहे. डबा घासून दाराजवळच ठेवला आहे.