धारण्याच्या दिवशीचा थेंब

शरदिनीबाई रामघाटच्या गल्लीत आमच्या समोर राहतात. डावा डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेला. उरलेल्या उजव्या डोळ्यावर त्यांनी संसार केला आणि वाती वळल्या. आसपासच्या देवळांत आणि घरांत वाती त्यांच्याकडूनच जातात. मी आयुष्यभर कारखान्यात लोखंड घासलं. एकसारखं काम कशाला म्हणतात ते मला कळतं. त्यांच्या वातीचा पीळ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच.

मोतीबिंदू पिकला आणि त्याच डोळ्याचं ऑपरेशन करावं लागलं. ते चांगलं झालं, पण आत सूज राहिली. सुजेवर थेंब दिले. या थेंबांनी काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तो वाढला. मग दाबाचे वेगळे थेंब, सकाळ-संध्याकाळ, एकही वेळ चुकवायची नाही. दाब राहिला तर नस सुकते आणि गेलेली नजर परत येत नाही, हेही सांगितलं. सून संपदा शाळेत शिकवते, सकाळीच बाहेर पडते. थेंब बाई स्वतःच घालायच्या. हात स्थिर होता.

कार्तिक लागला. बाईंनी दरवर्षीप्रमाणे धारणं-पारणं धरलं. एक दिवस उपास, तोही निर्जळी. दुसऱ्या दिवशी जेवण. दाबाचं औषध घातलं की थोड्या वेळानं घशाशी कडू लागायचं. घशात उतरलं म्हणजे पोटात गेलं. म्हणून धारण्याच्या दिवशी त्यांनी ती बाटली उघडलीच नाही. लपवलं नाही, कोणी विचारलं नाही.

कपाळ दुखायचं, ते उपासाच्या पित्तावर गेलं. संध्याकाळी पंचगंगा घाटावरचे आकाशदिवे बघून आल्या की सांगायच्या, यंदा प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. व्रत फळलं, असं त्यांना वाटलं. ऐकून मलाही बरं वाटलं.

तपासणीचा दिवस धारण्याचा होता. दाब फार चढलेला निघाला; दिव्यांभोवतीची कडीही त्याचीच होती. नर्सनं लगेच थेंब घातला. बाई उठल्या, चाचपडत बेसिनपाशी गेल्या आणि थुंकल्या.

"आई, थुंकताय कशाला?" संपदानं विचारलं.

"घशात उतरतं ते. आज माझं धारणं आहे."

"म्हणजे एक दिवसाआड घालत होतात?"

"डॉक्टर रोज जेवतो, म्हणून रोज औषध सांगतो."

संपदा हसली नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. थेंब घातला की डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं थोडा वेळ दाबून धरायचा; मग औषध घशाकडे फारसं जात नाही. त्यांनी बाईंचं बोट धरून ती जागा दाखवली. असं केलं तर धारण्यालाही चालेल ना, हे बाईंनी एकदा विचारून घेतलं, मग कधी चुकवलं नाही.

पुढे दाब आटोक्यात आला. सूज उतरली. नस मात्र सुकली होती. नळीतून बघावं तेवढं उरलं. कडेचं सगळं गेलं.

बाई अजून वाती वळतात, बोटांच्या अंदाजानं. पीळ तोच आहे.

या कार्तिकात संपदा त्यांना हाताला धरून पंचगंगा घाटावर घेऊन आली. मी मागेच होतो. बांबूंवर दिवे चढले होते, नेहमीसारखेच दाट. बाई मान इकडून तिकडे वळवत बराच वेळ उभ्या राहिल्या.

"यंदा दिवे कमी लावलेत का गं?"

"हो आई," संपदा म्हणाली. "कमीच आहेत."