एक बॉल टाका की

आमच्या संघातल्या सगळ्यात चांगल्या झेलणाऱ्याला मी हंगामभर एकही बॉल मिळू दिला नाही. हंगाम संपल्यावर हे लक्षात आलं असतं, तरी एक वेळ ठीक होतं. मला ते सुरुवातीलाच कळलं होतं.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या विद्यार्थ्यांचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, आणि त्याच्या आक्रमणाची आखणी माझ्याकडे. माझं भांडवल काय? अमेरिकेत शिकताना स्टेडियममध्ये बसून खाल्लेले नाचोज. शिवाय शेजारच्या फेल्डहोवनला नोकरीत दिवसभर यंत्रांचे भाग जुळवणाऱ्याला अकरा पोरं जुळवणं काय अवघड, हा भ्रम.

तो झेलणारा कोल्हापूरचा, मास्टर्सला आलेला. 'फुटबॉल' एवढंच वाचून सायकल दामटत मैदानावर आला आणि तो लांबुळका बॉल बघून म्हणाला, "दादा, ह्याच्यावर कोण बसलं होतं काय?" मग स्वतःच, "चालतंय की!"

पाऊस, चिखल, डच पोरांचं तोंडावर बोलणं, सगळ्याला त्याचं हेच उत्तर.

खांदे बघून मी त्याला टाइट एंड केलं. तुम्ही हा खेळ पाहिला नसेल तर सांगतो. हा गडी रांगेच्या टोकाला उभा असतो. कधी समोरच्याला अडवतो, तर कधी चुकवून पुढे पळतो आणि बॉल झेलतो. आता काय करणार, हे समोरच्याला कळू नये, यातच सगळी गंमत. मी त्याला फक्त अडवायला लावलं. चार सामन्यांत ते गावभर झालं.

हंगामाच्या सुरुवातीलाच एकदा सरावानंतर कुणीतरी गमतीत हेल्मेट भिरकावलं. यानं पाणी पिता पिता ते एका हातात धरलं. तोंडाला लावलेली बाटली हलली नाही.

"गोलकीपर होतो की, दादा. पेठेच्या टीमला."

मी "वा!" म्हणालो आणि पुढच्या शनिवारी त्याला परत अडवायला उभं केलं. लॅपटॉपवर आखणी रंगीत झाली होती ना. ती कोण मोडणार?

शेवटच्या सामन्याला त्याची आई आली होती. बूट बांधता बांधता तो म्हणाला, "दादा, आई आलीया. एक बॉल टाका की माझ्याकडं." वर्षात पहिल्यांदाच त्यानं काही मागितलं.

मी म्हणालो, "बघू."

शेवटच्या चालीत तो समोरच्याला आडवा करून पुढे निसटला. गोलरेषेपाशी एकटा, हात वर करून उभा. त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. तो अडवणारा, हे सगळ्यांना पाठ. आमच्या बॉल फेकणाऱ्यालाही. त्यानं माझ्या आखणीबरहुकूम बॉल भलतीकडे, गर्दीत भिरकावला. संपलं.

"चालतंय की, दादा," तो म्हणाला, पण हातमोजे काढता काढता, खाली बघत. आता तो जर्मनीत नोकरीला आहे. तिथल्या संघात म्हणे बॉल त्याच्याकडेच जातो.

त्या दिवशी मैदानावर त्याची आई मात्र माझ्याकडेच बघत होती.

"बॉल कुणाकडं टाकायचा, ते तुम्ही ठरवत हुतासा?"

"हो, काकू."

"आणि एरवी काय करता?"

"इथे मशिनं बनवतो."

"ह्या डोक्यानं?"