कल्याणच्या तमाशाचा वाढलेला दर आणि अकरा नांगर

ठाण्याच्या बंदरातून भरतीबरोबर मचवा (शिडाची लहान होडी) सुटला, तेव्हा माझ्या मांडीवर दौत आणि एका नाजूक प्रकरणाचा कोरा कागद होता. कल्याणास उतरलेल्या तमाशाच्या फडाने आत बसण्याचा दर एक आण्यावरून दोन आणे केला होता. तो उतरविण्याचा अर्ज लिहिण्यास मिठागरावर राबणाऱ्या शेतकरी मंडळींनी मला पाचारण केले होते. असली कामे सामान्य अर्जनवीस घेत नाहीत.

कळवे मागे पडले. डोंबिवलीसमोर मचवा चिखलात रुतला व सर्वांना उतरून ढकलावे लागले. मी दौत डोक्यावर धरून उभा राहिलो. तिचे रक्षण कोणी तरी करणे अवश्य होते.

कल्याणच्या बंदरावर मंडळींचा म्होरक्या धर्मा भेटला. तांदळाची भाकर आणि वालाचे बिरडे झाल्यावर वडाखाली मी मजकूर वाचून दाखविला. सर्वांनी माना डोलावल्या. मग मी सह्या मागितल्या, तो सारे जमिनीकडे पाहू लागले.

"नाव नको घालू, दादा," धर्मा म्हणाला. "घरी कळंल."

"नावावाचून अर्ज कसा होईल?"

"नांगर काढतो की."

लिहिता न येणारा शेतकरी सहीऐवजी नांगराची निशाणी (खूण) काढतो व शेजारी अर्जनवीस त्याचे नाव लिहितो. मी नावे गाळली. अकरा नांगर झाले.

मामलेदाराच्या कचेरीतील कारकुनाने कागद बराच वेळ न्याहाळला. "हे नांगर कुणाचे?"

"रयतेचे," मी म्हणालो.

"मग रयतेला नावानिशी यायला सांगा."

परत आलो, तो वडाखाली अकरा बायका बसलेल्या. धर्माची बायको सोनाबाई पुढे होती. "आमचा बी अर्ज लिवा. दर आठ आनं करा."

"घरी चल गं," धर्मा पुटपुटला.

"चलते. बांगडी काढू दे आधी."

बायकांची निशाणी बांगडीची. परंतु नवऱ्याचे नावही लागते, आणि ते तोंडाने घेण्याची त्यांच्यात रीत नाही. सोनाबाईने शेजारणीकडे बोट दाखविले. "हिचा नवरा हिरू. माझा कोन, ते ती सांगंल." अशा प्रकारे रीतही राहिली आणि अकरा नवऱ्यांची नावे कचेरीत दाखल झाली.

फडाच्या मालकाने हुकुमाची वाट पाहिली नाही. बायांचा शब्द मोडवत नाही म्हणून त्याने संध्याकाळीच दर चार आणे केला.

इतका दर देणे माझ्या तत्त्वात बसेना. केवळ चौकशीसाठी मी तंबूच्या मागे उभा राहिलो. ढोलकी उत्तम ऐकू येत होती. काळोखात आणखी अकरा जण उभे होते. कोणी कोणास ओळख दिली नाही.

सकाळी ओहोटीबरोबर ठाण्यास निघालो. एवढ्या प्रवासातून मी एक गोष्ट पक्की जाणली: कनातीमागून ऐकण्यास अद्याप कोणी दर लावलेला नाही, आणि त्याविषयीचा अर्ज मी कोणासही लिहून देणार नाही.