हिप्परग्याच्या तलावावरचे आरमार

साहेब तलावाच्या काठावर उभे होते आणि आमची सर्वांत मोठी बोट पाण्याखाली होती.

दुसरी बोट काठावर कुशीवर पडली होती. तिची एक फळी सुटून बरगडीसारखी बाहेर आली होती. तिसरी बोट म्हणजे गूळ करायची लोखंडी काहील. ती पालथी घातलेली होती आणि तिच्या सावलीत एक कुत्रे झोपले होते.

"हे तुमचे आरमार?" साहेबांनी विचारले.

"व्हय साहेब," मल्लप्पा म्हणाले. "सगळं हजर हाय."

मल्लप्पांना जाऊन अजून वर्ष झालेले नाही. सोलापुरात लोकांना सहलीसाठी बोटी मिळतात, त्या कुठून आल्या, कोणी आणल्या, असे अलीकडे पुष्कळ जण विचारतात. म्हणून लिहायला बसलो आहे. रोज थोडेच लिहून होते. आमच्या धंद्याचा सगळा इतिहास त्या एका सकाळच्या आजूबाजूला आहे, तेव्हा तीच सांगतो.

मल्लप्पा दुधनीचे. घरची भुसाराची आडत. हिप्परग्याच्या तलावापलीकडे त्यांचे थोडे रान होते. वळसा नको म्हणून ते गुऱ्हाळातली काहील पाण्यात लोटत आणि बांबूने ढकलत पलीकडे जात. आमच्याकडे नदीकाठची माणसेही असे करतात. काहील गोल असते, त्यामुळे ती सरळ जात नाही, फिरत फिरत जाते. गिरण्यांना सुटी असली की सोलापूरची मंडळी तलावावर डबे घेऊन येत. त्यांनी हे फिरणे पाहिले आणि "आम्हालाही बसवा की" म्हणाली. आमच्या आरमाराची सुरुवात ही.

मी सोलापूरचाच. मॅट्रिकनंतर रत्नागिरीला मामांकडे गेलो. ते बंदरावर कारकून होते. तिथे एक गृहस्थ सुटीच्या दिवशी लोकांना बोटीतून किल्ल्यापर्यंत फिरवून आणत. त्यांच्या कारखान्यात मी बोटी बांधायला आणि राखायला शिकलो. परत आल्यावर काही दिवस शाळेत शिकवले, म्हणून मल्लप्पा मला शेवटपर्यंत 'मास्तर' म्हणत. मी त्यांना अण्णा म्हणे. काहिलीत बसून मी एकदा त्यांना सांगितले, "अण्णा, ही बोट नव्हे. हे भांडे आहे." ते म्हणाले, "मग बोट आण की. मी कुटं न्हाय म्हणतोय?"

कोकणातून एक जुनी होडी मालगाडीने आणली आणि स्टेशनवरून दोन बैलगाड्या जोडून तलावावर नेली. तिचे नाव गौरी. पुढे तलावाच्या काठीच मी सागवानाची एक रुंद बोट बांधली. ती संथ आणि सोशीक होती, म्हणून मल्लप्पांनी तिला नंदी म्हटले. बसायला फळ्यांवर सोलापुरी चादरी अंथरत. वल्ही हुसेनभाई मारत. ते पूर्वी भीमेवर नाव चालवत असत.

मल्लप्पांनी आडत भावांवर सोपवली होती. भावांना ते पसंत नव्हते. "तलावाचा परवाना आहे तोवर तुझा खेळ. तो गेला की दुकानात यायचे," असे त्यांनी बजावले होते आणि मल्लप्पांनी तसा शब्द दिला होता. ते शब्दाचे पक्के. म्हणजे परवाना गेला असता, तर मल्लप्पा दुसऱ्या दिवशी दुधनीच्या गादीवर तागडी धरून बसले असते.

साहेब आले त्या वर्षी उन्हाळ्यात तलावाचे पाणी फार मागे हटले. एरवी आमच्या बोटी बारा महिने तरंगत असत. त्या वर्षी त्या कोरड्या गाळावर टेकू लावून उभ्या राहिल्या. पुढे पाणी पुन्हा काठाला आले, तेव्हा दोन्ही बोटींच्या फळ्यांमधून पलीकडचे ऊन दिसत होते.

इथे थोडे समजावून सांगतो. लाकडी बोटीच्या फळ्या एकमेकींना चिकटवलेल्या नसतात, नुसत्या भिडवलेल्या असतात. पाण्यात लाकूड फुगते आणि फळ्या आपोआप घट्ट बसतात. बोट वाळली की फळ्या आकसतात आणि फटी पडतात. फटी कापूस आणि राळ घालून बुजवतात खऱ्या, पण हलक्या हाताने. लाकडाला फुगायला जागा ठेवावी लागते.

श्रावणातल्या एका सोमवारी साहेब पाहणीला येणार होते. तलाव त्यांच्या पाटबंधारे खात्याचा. त्यांची मुले आणि मुलांच्या शाळेतली मंडळी बोटीत बसणार, आणि त्यांचे समाधान झाले तरच परवाना पुढे चालू राहणार, असे ठरले होते. मी एका बारशाला अक्कलकोटला गेलो होतो. मल्लप्पांना घाई झाली. त्यांनी ओळखीच्या गिरणीकामगारांकडून पोतेभर वेस्ट आणवला. वेस्ट म्हणजे सुताचा टाकाऊ गुंता. सोलापुरात त्याला तोटा नाही. सगळ्यांनी मिळून तो गौरीच्या फटीत छिन्नी-हातोड्याने ठासून भरला. दिसायला काम सुरेख झाले होते. मी परत आलो तेव्हा गौरी पाण्यात होती आणि मल्लप्पा कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहत होते.

"थेंब न्हाय आत, मास्तर! बघ!"

"अण्णा, तिला बाहेर काढा."

"का? चांगली हाय की!"

आम्ही बोलत होतो तोवर लाकूड फुगू लागलेच होते. संध्याकाळी बंदुकीसारखा आवाज झाला आणि फळी सुटली. फुगायला जागा नव्हती, म्हणून लाकडाने खिळे उपटले.

मल्लप्पांनी गौरी सगळ्यांकडून काठावर ओढवून घेतली. मग म्हणाले, "शिवा शिवा. आता नंदीचं काय?"

"नंदी बुडवायची."

"अय्यो! एक मोडली, आता दुसरी बुडवायची?"

"दगड भरून छातीभर पाण्यात बसवायची. आतून-बाहेरून भिजू द्यायची. मग काढायची. समुद्रावर फार दिवस कोणी असे ठेवत नाही, कारण खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो. इथल्या गोड्या पाण्यात ती भीती नाही."

मल्लप्पांनी माझ्याकडे पाहिले, गौरीकडे पाहिले आणि धोतर खोचले. पहिला दगड त्यांनीच उचलला. हुसेनभाई म्हणाले, "क्या मास्तर, पढेलिखे लोगां नाव डुबाते, अनपढ लोगां चलाते!" आणि त्यांनी दुसरा उचलला.

सकाळी काठावर धुणे धुणाऱ्या बायकांना नंदी पाण्याखाली दिसली. गिरणीच्या दुपारच्या भोंग्याच्या आत बातमी सोलापुरात पोहोचली की नंदी बुडाली. भुसार बाजारात पोहोचेपर्यंत तिच्यात माणसेही बसली होती. दुसऱ्या दिवशी मल्लप्पांचा धाकटा भाऊ दुधनीहून पहिल्या गाडीने आला. डोळे लाल. मल्लप्पा झाडाखाली भाकरी खात होते.

"जिवंत हायस?" भाऊ म्हणाला.

"बस. चटणी घे."

भाऊ बसला, पोटभर जेवला आणि मग म्हणाला, "आता तरी दुकानात चल."

"परवाना गेला की येतो. शब्द हाय माझा."

बातमी साहेबांकडेही गेली होती. त्यामुळे ते सोमवारची वाट न पाहता रविवारी सकाळीच टांग्याने आले. वर लिहिले ते दृश्य त्यांनी पाहिले. त्यांच्यामागे बघ्यांची ही गर्दी.

"बोट बुडाली ती बुडाली, वर काढण्याचीही तसदी घेतली नाही?" साहेब मला म्हणाले.

"बुडाली नाही साहेब, बुडवली आहे."

"त्याने फरक काय पडतो?"

मी सांगू लागलो, पण मला गर्दीत बोलता येत नाही. शब्द पुस्तकी होतात. मल्लप्पांनी मला बाजूला सारले आणि तलावाकडे बोट दाखवले. साहेबांच्या टांगेवाल्याने घोड्याला पाणी पाजता पाजता टांगा चाकांच्या मधल्या तुंब्यापर्यंत पाण्यात घातला होता.

"साहेब, घोडं तहानलेलं हाय, ते ठीक. पण चाकं का पाण्यात घातली त्यानं?"

"चाकाचे मला ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "लाकूड वाळले की लोखंडी धाव सैल होते. भिजले की घट्ट बसते."

"मग नंदीचं बी तेच हाय की!"

"असेल. पण चाकात माझी मुले बसत नाहीत. मला बोट दाखवा. आत्ता."

मी म्हणालो, "साहेब, अजून एक रात्र हवी. उद्या सकाळी काढू."

"उद्या मी मुलांना घेऊन येणार आहे. मी आज न पाहता त्यांना उद्या बसवू? आज बोट निघत नसेल, तर परवाना आजच संपला."

मी मल्लप्पांना हळूच म्हणालो, "अण्णा, मागच्या अंगाची फट अजून मिटली नसेल."

"मास्तर, रात मागून मिळत न्हाय. काढ."

त्यांचा भाऊ गर्दीत उभा होता. त्याने दुधनीला निघाल्यासारखी पिशवी काखेत मारली.

आम्ही पाण्यात उतरलो. दगड काढले तशी नंदी हळूहळू वर आली. तिचे काठ पाण्याबाहेर दिसू लागले. तिला दोन्ही बाजूंनी झुलवून निम्मे पाणी सांडले, बाकीचे बादल्यांनी उपसले. तळाचे शेवटचे पाणी टिपायला त्या गिरणीच्या वेस्टचा उपयोग झाला. त्याचे खरे काम तेवढेच.

साहेबांनी फळ्यांवरून हात फिरवला. ऊन कुठून दिसते का ते वाकून पाहिले. मग म्हणाले, "एक कोरडी चादर आणा. तळ वरून सुकला की अंथरा. बांधातल्या मोरीपर्यंत जाऊन परत येऊ. मग चादर पाहू."

आम्ही अंग पुसून कपडे बदलले. पुढे साहेब बसले, मध्ये हुसेनभाई वल्ह्यांवर, मागे सुकाणूवर मी, आणि माझ्या पायाशी मल्लप्पा. तलावाच्या मध्यावर वारा असतो. नंदी थोडी डुलली, पण तिने कुरकूर केली नाही. फळ्या दातासारख्या बसल्या होत्या. मी बांधलेली बोट इतकी चांगली आहे हे मला त्या दिवशी कळले. साहेब एकदा मागे वळून म्हणाले, "संथ आहे." मल्लप्पा म्हणाले, "नाव नंदी हाय, साहेब. घोडा न्हाय ठेवलं." मी मात्र चादरीकडे पाहत होतो. तिचा मागचा कोपरा मल्लप्पांच्या मांडीखाली होता.

काठाला लागलो. साहेबांनी स्वतः चादर उचलली आणि उन्हात धरली. सगळी कोरडी. मागचा एक कोपरा तेवढा गडद झाला होता, तळहाताएवढा.

"हे काय?"

गर्दी पुढे सरकली.

"तो माझा घाम हाय, साहेब," मल्लप्पा म्हणाले. "परवाना जायची येळ आली, घाम येणार न्हाय व्हय?"

लोक हसले. हुसेनभाईही हसले. साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. मला वाटले, सुटलो. तेवढ्यात मल्लप्पांनी ती चादर साहेबांच्या हातातून घेतली.

"न्हाय साहेब, थट्टा केली. पाणी हाय ते. मागली फट मिटली न्हाय अजून. मास्तर सकाळपासून एक रात मागतोय. मीच ऐकलं न्हाय. उद्या लेकरं बसणार, त्यांच्याशी थट्टा कशी करू?"

त्यांचा भाऊ पुढे आला होता. साहेबांनी चादरीचा ओला कोपरा दोन बोटांत धरून पाहिला.

"एक रात्र पुरे आहे?" त्यांनी मला विचारले.

"पुरे आहे."

"मग बुडवा परत. सकाळी मुलांना घेऊन येतो."

ते टांग्यात बसले. मल्लप्पा भावाकडे वळले. "ती पिशवी ठेव खाली आणि दगड उचल. आला व्हतास ना मला न्यायला? आता हात लाव."

आणि दुधनीच्या आडतीच्या त्या धन्याने, अंगावरच्या धुतलेल्या सदऱ्यासकट, पाण्यात उतरून नंदीत दगड भरले.

सोमवारी मुले आली. चादर अंथरली होती ती कोरडीच राहिली. परवाना मिळाला. त्यात साहेबांनी स्वतःच्या हाताने एक अट घातली की हंगामापूर्वी दर वर्षी बोटी पाण्यात बुडवून ठेवाव्यात आणि मगच प्रवासी घ्यावेत. आम्ही ती कधी मोडली नाही. मल्लप्पा बुडवण्याच्या दिवशी नारळ फोडत. पुढे पुढे लोक तेही पाहायला येऊ लागले. गौरीला नवी फळी घातली, ती अजून आहे. काहील आम्ही एका गुऱ्हाळाला देऊन टाकली. तिच्यातला गूळ चांगला होतो असे ऐकतो. आरमारात नंतर आणखी बोटी आल्या. त्यांपैकी एकही पाण्यावर असताना बुडाली नाही, आणि एकाही प्रवाशाचा पाय ओला झाला नाही. हे मी अभिमानाने लिहितो. तो अभिमान दोघांचा आहे.

मल्लप्पा गेल्यावर त्यांचे तेच धाकटे भाऊ मला भेटायला आले. म्हणाले, "मास्तर, नंदी आता छपरात ठेवा. अण्णाची आठवण म्हणून. तेल लावून, चादर घालून, चांगली जपून ठेवू."

मी म्हणालो, "हात लावायला येता का?"

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी सदरा काढून झाडाला टांगला. नारळ मी फोडला. तो मला नीट फोडता आला नाही, हुसेनभाईंना मदत करावी लागली. नंदी नेहमीसारखी हळूहळू खाली गेली.

छपरात जपून ठेवलेली लाकडी बोट दिसायला चांगली राहते. तिच्यात बसता मात्र येत नाही.