मोर्शीहून निघालेलं घड्याळ

भाऊ गेला. त्याचं सगळं उरकल्यावर त्याचा मुलगा अकोल्याहून अमरावतीला आला आणि एक घड्याळ माझ्या हातात ठेवून गेला. मनगटी, पुरुषाचं, चावीचं. काच पिवळी पडलेली.

"बाबानं सांगून ठेवलं होतं, हे आत्याले द्या म्हनून," एवढंच तो बोलला. काहून, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मी चौथी शिकले. घड्याळ वाचता येतं, पण मला त्याचं काम कधी पडलं नाही. तरी चावी देऊन पाहिली. चाललं. उशीखाली ठेवून दुपारची पडले. माझ्या वयात दुपारची झोप ही धड झोप नसते. डोळ्यांसमोर अंगण असतं, दोरीवरची लुगडी असतात, आणि त्याच अंगणात मेलेली माणसं येऊन बसतात. त्या दिवशी मला मोर्शीचा आमचा संत्र्याचा मळा दिसला. बाप झाडाझाडांतून चालत होता आणि मनगट कानाशी धरून काहीतरी ऐकत होता. जागी झाल्यावर मनात म्हटलं, काहीही दिसतं. बापाच्या हातात घड्याळ कधी नव्हतंच. तो सावलीकडे पाहून वेळ सांगायचा.

घड्याळ म्हटलं की माझं डोकं तापतं, त्याचं कारण आहे. आमच्याकडे तेव्हा नवरदेव पंगतीत रुसायचा. ताट वाढलं तरी हात लावायचा नाही, सासरा कबूल करीपर्यंत. माझा नवराही रुसला, म्हणजे त्याला रुसायला बसवलं होतं. बापानं मांडवात सगळ्यांदेखत सांगितलं, जावयाला घड्याळ देतो, दिवाळीच्या आत. दिवाळी आली आणि गेली. घड्याळ नाही म्हणून सासूनं मला माहेरी पाठवलं नाही. पुढं बाप वारला. सासू मरेपर्यंत बोलली, आणि तिच्यानंतर ते काम नणंदेनं हाती घेतलं. ती मागच्याच गल्लीत राहते. रोज संध्याकाळी येते, चहा पिते आणि कोणी ऐकायला असलं की म्हणायची, "हिच्या बापाचं घड्याय मोर्शीहून निंघालं हाय. येऊनच राह्यलं अजून."

मी उत्तर देत नसे. खोटं असतं तर दिलं असतं.

काच बदलायला घड्याळ मी चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं मागचं झाकण उघडून पाहिलं. "आजी, मशीन बढिया हाय. लग्नातलं दिसते. त्या टायमाले जावयाले असंच द्याचे." तो सहज बोलला, पण मी तिथंच स्टुलावर बसले. लग्नातलं. म्हणजे बापानं घेतलं होतं आणि भावानं मधेच दाबलं. मरताना लाज वाटली म्हणून परत पाठवलं. मेलेल्या भावाशी भांडता येत नाही, नवराही कधीचाच गेलेला, पण वहिनी जिवंत होती.

बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. थंडीचे दिवस होते. ऊन खिडकीतून मांडीवर आलं आणि मला पेंग यायला लागली. बाहेर कापूस फुटलेला. वेचणाऱ्या बाया वाकलेल्या होत्या, कोणाचं तोंड दिसत नव्हतं. मला वाटलं, गाडी थांबलेली आहे आणि शेतंच मागं चालली आहेत. समोरच्या बाकावर भाऊ बसलेला, तरणा, मिसरूड फुटलेला, मनगट पदराआड झाकावं तसं गमछ्याखाली झाकून. मी त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि मूर्तिजापूर आलं.

वहिनी अकोल्याला ओसरीत ऊन खात बसली होती. मी घड्याळ तिच्यापुढं धरलं.

"हे माह्या नवऱ्याचं. तुमच्या घरात कसं आलं?"

"बसा तं आधी, बाई. पानी घ्या."

"पानी नको. तुमच्या मालकानं चोरलं काय?"

वहिनी हसली. तिला दात नाहीत, तिचं हसू लहान पोरासारखं दिसतं. "चोराले कोनी आपल्या हातानं बांधून देते काय? तुमच्याच मालकानं देल्लं."

मग तिनं सांगितलं. तिला भावानं सांगितलेलं. दिवाळीच्या आधी बाप घड्याळ घेऊन अमरावतीला आला होता. भाऊ बरोबर होता. पण लेकीला पोर होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा आमचा रिवाज. उंबऱ्यात गेलं की पाणी पुढं येणार, नाही म्हटलं तर व्याह्याचा अपमान. म्हणून बाप घरी आलाच नाही. जावयाला एस. टी. स्टँडवर बोलावून घेतलं, घड्याळ त्याच्या हाती दिलं आणि मोर्शीची गाडी धरली. घरातल्या कोणी पाहिलं नाही. मीही नाही.

"अन् मंग?"

"आमच्या मालकाले तवा बडनेऱ्याले रेल्वेत नवीन नवीन नोकरी लागली होती. खोलीत घड्याय नाही. रोज उशीर. साहेब काढून टाकतो म्हने. तुमच्या बाबांची गाडी गेली अन् तुमच्या मालकानं तिथंच स्टँडवर आपल्या हातातलं काढलं अन् आमच्या मालकाच्या हातात बांधलं. म्हने, तुमचं घेतलं की वापस द्या, घरी मी सांगतो."

"सांगतलं नाही त्यानं."

"नाही ना. हे मंग वापस द्याले गेले होते. तं म्हने आता राहू द्या. माय इचारन इतके दिवस कुठी होतं."

वहिनी पुढं म्हणाली, राखीला माझ्याकडे यायचा तेव्हा भाऊ घड्याळ घरी काढून ठेवायचा. ते मला एकदम दिसलं. राखी बांधताना त्याच्या काळ्या मनगटावर एक गोरा पट्टा असायचा. इतक्या राख्या त्यावर बांधल्या, पण हा पट्टा कशाचा, हे मी कधी विचारलं नाही. मग मी पाणी मागून घेतलं.

"माह्या बापानं स्टँडवर काही खाल्लं-प्यालं काय?" मी विचारलं.

"रस पेले म्हने उसाचा. पैसे तुमच्या बाबांनंच देल्ले. जावयाचे नाही घेतले."

दुसऱ्या दिवशी नणंद चहाला आली तेव्हा मी घड्याळ तिच्यापुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिनं ते उलटंपालटं केलं, कानाशी लावलं.

"देल्लं असन. पन आमच्या घरात तं नाही आलं."

"तुमच्या भावाच्या हातात देल्लं, अक्का. हात तुमच्याच घरचा होता."

तिनं बशीतला चहा फुंकला. "त्यानं सांगतलं असतं तं माय बडनेऱ्याले जाऊन त्या पोराच्या हातातून काढून आनती."

"म्हनून तं नाही सांगतलं."

"अन् तू आयकत राह्यली," ती म्हणाली, आणि चहा पिऊन गेली.

आता ती शेजारणींना वेगळंच सांगते. "आमचा भाऊ भोया. बायकोच्या भावाच्या हातात घड्याय बांधून मोकया हातानं घरी आला." माझ्या बापाचं नाव त्यात नाही. मला तेवढं पुरे.

नवऱ्याचा हिशेब मात्र माझ्याच्यानं लागत नाही. एका पोराची नोकरी वाचवली, ते चांगलंच केलं. मग आईच्या भीतीनं आयुष्यभर गप्प बसला. मी भाकरी थापत असायची, सासू माझ्या बापाचा उद्धार करत असायची, आणि हा शेजारी बसून जेवत असायचा. खाली मान घालून. मला वाटायचं, त्यालाही आपल्या सासऱ्याची लाज वाटते.

हल्ली दुपारी पडले की बाप येत नाही. नवरा येतो. पायरीवर बसतो, तेव्हाचा, पंचविशीतला, मनगट उघडं. उन्हात दोरीवरची लुगडी हलतात, त्यांची सावली त्याच्या अंगावरून जाते-येते. त्याला काहीतरी सांगायचं आहे असं दिसतं. मी विचारत नाही. यावेळी त्यानंच आधी बोलावं, म्हणून डोळे मिटून पडून राहते.